मदत हवी आहे: बेस गिटारचा ब्रिज बदलू की नको?

मंडळी, माझ्याकडे चार तारांचा, 34 इंच स्केलचा (म्हणजे तारेची वाजणारी लांबी) साधा बेस आहे. ब्रिज (तारा मागच्या टोकाला ज्यावर बसतात तो भाग) जुन्या पद्धतीचा, वाकवलेल्या पत्र्याचा, पाच स्क्रूंवर बसवलेला. हल्ली ई तारेचं सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो छोटा तुकडा) फार छळतंय. जरा जोरात वाजवलं की उंचीचे बारके स्क्रू हळूहळू खाली सरकतात आणि तासाभरात तार फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) खडखडायला लागते. नेलपॉलिशचा थेंब लावून पाहिला (हसू नका), आठवडाभर टिकला. ए तारेच्या स्क्रूचं तर अ‍ॅलन कीचं भोकच झिजून गोल झालंय.

आता जाड, वजनदार ब्रिज घ्यावा म्हणतोय. सस्टेन (सूर टिकून राहणं) वाढतो म्हणतात, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. सॅडल जागेवर राहिलं तरी भरून पावलो.

तारांमधलं अंतर मोजलं, 19 मिमी आहे. पण स्क्रूची भोकं जुळली तरी जाड ब्रिजची बैठक उंच असते ना? सॅडल पूर्ण खाली करूनही तारा वरच राहिल्या तर नेकच्या (दांड्याच्या) खाचेत शिम (पातळ पट्टी) घालावी लागेल का? कोणी घातली आहे? ब्रिजखाली दाबलेली अर्थची वायर तशीच नव्याखाली दाबली तर ब्रिज कलेल, की तिच्यासाठी लाकडात बारीक चर पाडू?

शिवाय ई तारेचं सॅडल आताच पार मागे टेकलंय, तरी 12व्या फ्रेटवर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) किंचित चढाच येतो. तार मात्र नवीन आहे. मग मागे जास्त जागा असलेला ब्रिज शोधू, की आधी तारांची उंची कमी करून बघू?