गिलकी ढीगभर, दोडका मात्र गळतोय

गच्चीवाली:
इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर गच्ची आहे, फेब्रुवारीत दोडका आणि गिलकी (म्हणजे घोसाळी) एकाच मांडवावर सोडली, माती तीच खत तेच. गिलकी एवढी लागलीत की काल एका दिवसात ११ तोडली, शेजारचे आता मी बेल वाजवली की दार उघडेनात. आणि दोडका? फुलं भरपूर, मागे करंगळीएवढा दोडका पण दिसतो, मग तोच पिवळा पडून गळतो. अख्ख्या एप्रिलमध्ये २ दोडके हाती आलेत फक्त. व्हिडिओ बघून रोज सकाळी ८ ला ब्रशने नर फुलाचे परागकण मादीला लावते, उपयोग शून्य. नर्सरीवाल्याने टॉनिक दिलं ते पण मारून झालं. उन्हाने होतंय का?

सिडकोकर:
बियाणं खराब असेल, उपटा नि नवीन लावा

मळेवाला_मखमलाबाद:
अहो उपटू नका! ताई तुमची वेळ चुकतेय बाकी काही नाही. दोडक्याचं फूल संध्याकाळी ५-६ ला उमलतं आणि तुम्ही सकाळी ब्रश घेऊन जाता तोवर त्याचं काम संपलेलं असतं. गिलकं उलट, ते पहाटे उमलतं, दिवसा मधमाश्या येतात, तुम्ही काही केलं नाही तरी फळ धरतं. आमची आई दोडक्याला दिवेलागणीचं फूल म्हणायची. मळ्यात रात्रीचे पतंग येऊन काम करून जातात, तिसऱ्या मजल्यावर कोण येणार सांगा. नर फुलं झुबक्यात असतात, मादी एकटी आणि मागे शिरा असलेला बारका दोडका. ब्रश पण नको, ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला भाग मादीच्या मधोमध हलकेच चोळा. ३०० रुपयाच्या टॉनिकपेक्षा हे बरं.

गच्चीवाली:
३५० चं होतं दादा 😔

काकू_पंचवटी:
दादांचं बरोबर आहे पण उन्हाचंही बघ गं. काळ्या कुंड्या असतील तर दुपारी हात लावून बघ, मुळं शिजतात नुसती. वर पालापाचोळा पसर, कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळ, पाणी सकाळ संध्याकाळ थोडं थोडं. आणि एक, दोडका काय गिलकं काय, चिरताना टोक जिभेला लावून बघायचं. कडू लागलं तर सरळ फेकायचं, शिजवून कडूपणा जात नाही आणि वर उलट्या जुलाब. पाण्याचा ताण पडला की कडू होण्याची शक्यता वाढते. गिलक्याची भजी कर, चकत्या जरा जाड ठेव. जे जून झालंय ते तोडू नको, वेलीवरच वाळू दे, साल काढली की अंघोळीला घासणी तयार आणि बिया पुढच्या वर्षाला.

गच्चीवाली:
८ दिवसांनी लिहितेय. संध्याकाळी साडेसहाला गच्चीवर गेले तर खरंच सगळी फुलं टवटवीत उघडलेली, मी दोन महिने कधी त्या वेळी वर गेलेच नव्हते, स्वयंपाकाची वेळ ना. ६ फुलांना लावलं त्यातले ४ धरलेत, एक आजच वीतभर झालाय. शिरांची चटणी करणार पहिल्यांदा. काकू कुंड्या काळ्याच होत्या, गोणपाट बांधलं. गिलकी कोणाला हवीत का, इंदिरानगरला येऊन न्या, भज्यांना घरातले पण कंटाळलेत.