अ‍ॅनिमेशन महोत्सवात पाहिलेले लघुपट: खुणा कुठे ठेवायच्या, कुठे पुसायच्या?

रेघाळ:

नमस्कार मंडळी. मी अ‍ॅनिमेशन शिकतेय, शेवटचं वर्ष आहे. नुकतीच एका अ‍ॅनिमेशन महोत्सवाला जाऊन आले. जुन्या हाततंत्रांवर एक खास विभाग होता आणि शिवाय विद्यार्थ्यांची स्पर्धा. डोकं अजून तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रश्न शेवटी आहे.

वर्गात आमचा सगळा भर हालचाल गुळगुळीत होण्यावर असतो. रेघ थरथरता कामा नये, इनबिटवीन (दोन मुख्य पोझमधलं चित्र) नेमकं हवं तिथे पडलं पाहिजे, चेहरा एका चित्रातून दुसऱ्यात जाताना फुगता-आकसता कामा नये. हे यायलाच हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण महोत्सवात ज्या फिल्म्सनी मला जागेवरून हलू दिलं नाही, त्या जवळजवळ सगळ्यांत करणाऱ्याचा हात दिसत होता.

कॅरोलिन लीफची 'द आउल हू मॅरीड अ गूज' (१९७४) मी आधी लॅपटॉपवर पाहिली होती. काचेवर वाळू, खालून प्रकाश, बोटांनी वाळू सरकवायची आणि फ्रेम घ्यायची. मोठ्या पडद्यावर मात्र काही वेगळंच दिसलं. पक्षी नुसता उभा असतो तेव्हाही त्याच्या कडेचे सुटे कण दर फ्रेमला जागा बदलतात. आकार स्थिर आणि कड जिवंत. शेवटी बदकांच्या मागे गेलेलं घुबड पाण्यात बुडतं, तेव्हा ती कडच हळूहळू नाहीशी होत जाते. त्यासाठी वेगळं काही 'अभिनय' म्हणून करावंच लागत नाही, कारण वाळू पहिल्यापासून सुटी होतीच.

तिचीच 'द स्ट्रीट' (१९७६) काचेवरच्या ओल्या रंगांत आहे. आजी अंथरुणाला खिळलेली आणि नातू तिची खोली आपल्याला कधी मिळेल याची वाट बघणारा. त्यात बऱ्याच ठिकाणी कटच नाही. एका माणसाचा रंग पसरतो आणि त्यातून पुढची जागा तयार होते. आजारी माणसाच्या घरात दिवस एकमेकांत कसे मिसळून जातात, ते तसंच्या तसं आहे त्यात.

आणि विल्यम केंट्रिजच्या कोळशाच्या फिल्म्स! एकाच कागदावर काढायचं, फ्रेम घ्यायची, थोडं पुसायचं, पुन्हा काढायचं. पुसलेलं कधी पूर्ण जात नाही. माणूस खोलीतून चालत गेला की त्याच्यामागे राखाडी पट्टा उरतो. ती फ्रेम माझ्या डोळ्यांसमोरून जातच नाहीये.

डिजिटल फिल्म्सही पुष्कळ होत्या. दोन-तीन देखण्या होत्या, पण मला त्यातलं आता फारसं आठवत नाही.

आता मुद्दा. स्पर्धेत एका विद्यार्थ्याची स्टॉप-मोशन फिल्म होती, म्हणजे बाहुल्या थोड्या थोड्या हलवत एकेक फ्रेम घेतलेली. बाहुल्यांना लोकरीचे कपडे, आणि हात लागला की लोकरीचे तंतू हलतात, ते दर फ्रेमला दिसतं. एका दृश्यात आई दाराशी थांबते आणि मागे वळून बघत नाही. बाहुली पूर्ण स्थिर आहे, फक्त पाठीवरची लोकर सळसळते. मला शपथेवर वाटलं की ती श्वास घेतेय. त्याच फिल्ममध्ये पुढे तिच्या डोळ्यांचा क्लोजअप आहे, आणि तिथे माझं सगळं लक्ष गळपट्ट्याच्या लोकरीकडे. डोळ्यांत काय होतं ते मी पाहिलंच नाही. साहित्य तेच, हात तोच. एका ठिकाणी खुणेने दृश्य उचललं, दुसऱ्या ठिकाणी बुडवलं.

माझी डिप्लोमा फिल्म साधारण चार मिनिटांची आहे. वडिलांची स्मृती जात चाललीय आणि मुलगी घरभर चिठ्ठ्या लावत जाते, दारावर, कपाटावर, स्वतःच्या फोटोखाली. कागदावर पेन्सिल आणि कोळसा वापरणार आहे. पुसल्याच्या खुणा ठेवायच्या हे मनात पक्कं आहे. पण सगळीकडे ठेवल्या तर त्या गळपट्ट्यासारखं होईल अशी भीती वाटते. ज्यांनी असं काम केलंय ते हे कसं ठरवतात?

---

काचेखालचा_दिवा:

रेघाळ, छान लिहिलं आहेस. मी वाळूत आणि काचेवर तैलरंगात काम केलं आहे, म्हणून आधी एक व्यवहाराची गोष्ट. खूण आणि लुकलुक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रेक्षकाला त्या लगेच वेगळ्या कळतात, सांगता आलं नाही तरी. कोळसा पुसल्याचा डाग ही खूण. पूर्ण चित्राचा उजेड दर फ्रेमला किंचित कमी-जास्त होणं ही लुकलुक, आणि तिचा गोष्टीशी काहीही संबंध नसतो. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअलवर लॉक कर. खिडकी पूर्ण बंद, दिवसाचा उजेड आत येता कामा नये. अंगात गडद रंगाचे कपडे घाल, पांढऱ्या शर्टावरून परतणारा उजेड कागदावर पडतो आणि तू पुढे-मागे झालीस की बदलतो. लुकलुक साफ काढलीस, की खुणा नेमक्या कुठे बोलतात ते तुझं तुलाच दिसायला लागेल.

दुसरं, स्थिर उभ्या माणसाबद्दल. पेन्सिलमध्ये ती 'जिवंत कड' आणायला तेच चित्र पुन्हा पुन्हा गिरवून फिरवतात. दोनच चित्रं आलटून पालटून वापरलीस तर डोळ्याला टिकटिक दिसते. निदान तीन हवीत, आणि दर वेळी एक-दोन-तीन याच क्रमाने लावू नकोस. टूजवर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम, ही थरथर अस्वस्थ वाटते. तीन किंवा चार फ्रेमवर नेलीस तर शांत होते. म्हणजे हे हो किंवा नाही असं नाहीच, थरथर कमी-जास्त करता येते. क्लोजअपमध्ये डोळे गिरवायचे आणि बाकीचं धरून ठेवायचं, एवढं केलं तरी तुझा गळपट्ट्याचा प्रश्न बराचसा सुटतो.

तैलरंगाबद्दल राहवत नाही म्हणून लिहितो. अलेक्झांडर पेत्रोव्हने 'द ओल्ड मॅन अँड द सी' (१९९९) काचेवर बोटांनी रंगवली, वीस मिनिटांसाठी २९ हजारांहून जास्त चित्रं. पण त्यात बोटाची खूण समुद्रात जेवढी दिसते तेवढी चेहऱ्यावर दिसू दिलेली नाही. पुन्हा पाहशील तेव्हा फक्त म्हाताऱ्याचा चेहरा बघ.

---

पिक्सेलवाट:

मी थ्रीडीत काम करतो, म्हणून डिजिटलच्या त्या एका ओळीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. :) हात दिसणं म्हणजे कागद किंवा वाळू दिसणं असं तू धरून चालली आहेस असं वाटतं. आमच्याकडे खूण आपोआप पडत नाही हे खरं. म्हणून प्रत्येक खूण ठरवून टाकावी लागते, आणि तू विचारलेला प्रश्न आम्हाला रोजच सोडवावा लागतो.

उदाहरण पूर्ण लांबीच्या चित्रपटाचं आहे, पण तुझ्या कामाचं आहे. 'स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) मध्ये नवा स्पायडर-मॅन माइल्स नवखा असताना टूजवर हलतो, आणि त्याच दृश्यात त्याच्याबरोबर झोके घेणारा अनुभवी स्पायडर-मॅन पीटर वनवर, म्हणजे दर फ्रेमला नवी पोझ. एकाला सेकंदाला बारा पोझ, दुसऱ्याला चोवीस. प्रेक्षकाला आकडे कळत नाहीत. त्याला एवढंच दिसतं की पोरगा अडखळतोय आणि दुसऱ्याला सवय आहे. तंत्र पूर्ण फिल्मला लावण्याऐवजी त्यांनी ते माणसाला लावलं.

तुझ्याकडे दोन माणसं आहेत. खुणा दोघांना सारख्याच का हव्यात?

---

अनाहत:

पिक्सेलवाट यांचा शेवटचा प्रश्न मनापासून पटला. मी ध्वनीवर काम करते, त्यामुळे थोडं त्या बाजूने.

तुम्ही लोकरीच्या आईचं दृश्य सांगितलंत, त्यात आवाज काय होता ते आठवतंय का? माझा अंदाज असा की खोलीचा मंद, सलग आवाज चालू असणार. तसा आवाज खाली असला की वरची थरथर श्वासासारखी वाटते. तो तोडला आणि पूर्ण शांतता ठेवली, की तीच थरथर उघडी पडते आणि साहित्य दिसायला लागतं. दोन्ही परिणाम उपयोगाचे आहेत, पण कुठला हवा ते चित्र काढायच्या आधी ठरवावं लागतं. अ‍ॅनिमॅटिक (कच्ची चित्रं वेळेनुसार लावून केलेली चाचणी फिल्म) करतानाच कच्चा ध्वनी लावून बघा, नंतर नको.

युरी नॉर्श्टाइनच्या 'हेजहॉग इन द फॉग' (१९७५) मधलं धुकं म्हणजे चित्रावर ठेवलेला अतिशय पातळ कागद, फ्रेमगणिक थोडा थोडा कॅमेऱ्याकडे उचललेला. कागद उचलला की खालचं विरत जातं. हे कळल्यावरही मला तो कागद दिसत नाही. त्याचं बरंचसं श्रेय मी आवाजाला देते. अस्वलाच्या पिल्लाची हाक त्या पांढऱ्यातून कुठूनतरी येते, आणि हाकेला अंतर आहे म्हणून धुक्याला खोली येते. वडिलांच्या दृश्यांत मुलीचा आवाज किती लांबून यावा, याचा विचार करून बघा.

---

रेघाळ:

तिघांचेही खूप आभार. हे वाचून मी काल रात्री स्टोरीबोर्ड पुन्हा भिंतीवर लावला.

@पिक्सेलवाट, दोघांना सारख्या खुणा का, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. आता असं डोक्यात आहे: वडील कोळशात, एकाच कागदावर, पुसत पुसत. ते खुर्चीतून उठले की खुर्चीत त्यांचा डाग राहणार. मुलगी पेन्सिलमध्ये, दर फ्रेमला नवा कागद, स्वच्छ. तिला सगळं आठवतंय, तिच्या मागे काही उरत नाही. आणि डिजिटलबद्दल तुमचं म्हणणं मान्य. त्या फिल्म्स महोत्सवाच्या ऑनलाइन विभागात अजून आहेत, हे डोक्यात ठेवून पुन्हा बघते.

@अनाहत, हो, त्या दृश्यात घड्याळ आणि लांबवरची रहदारी होती, बारीक. क्लोजअपला संगीत सुरू झालं आणि खोलीचा आवाज गेला. तुमचा अंदाज बरोबर असावा.

अडचण ही की दोघं एका फ्रेममध्ये येतात तेव्हा काय? कोळशाच्या कागदावरच मुलगी काढली तर तीही पुसटणार.

---

काचेखालचा_दिवा:

काच वापर. खाली कोळशाचा कागद, वर थोड्या अंतरावर काच, काचेवर मुलगी, पारदर्शक शीटवर काढलेली किंवा कापलेली. दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दिवे, म्हणजे काचेवर चमक येणार नाही. अंतर जास्त झालं तर मुलीची सावली वडिलांवर पडेल. तुझ्या गोष्टीत एखाद्या ठिकाणी तीही हवीशी वाटेल, पण ते ठरवून कर. काच दर काही फ्रेमनंतर पुसावी लागते, कोळशाची पूड उडते आणि नेमकी तिथेच बसते.

आणि चिठ्ठ्या कुठल्या थरात ठेवणार?

---

रेघाळ:

चिठ्ठ्यांचा विचार करूनच झोप उडालीय. मुलगी चिठ्ठी लावते तेव्हा ती वरच्या काचेवर, पेन्सिलमध्ये, अक्षर ठळक. पुढच्या शॉटमध्ये वडील एकटे दारासमोर उभे, तेव्हा तीच चिठ्ठी खालच्या कागदावर, कोळशात. ते वाचत राहतात आणि दर वाचनाला अक्षरं थोडी पुसून पुन्हा लिहिलेली.

या आठवड्यात फक्त दाराचं दृश्य करून बघते, आधी खोलीच्या आवाजासकट आणि मग त्याच्याशिवाय. वडील वाचतात ते होल्ड (स्थिर उभे असतात तो क्षण) तीन चित्रांवर, चार-चार फ्रेम. झालं की इथे टाकते. अक्षरं वाचता येतात का आणि कुठल्या क्षणी येईनाशी होतात, तेवढं नक्की सांगा.