मदत हवी आहे: पावसाळ्यात इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर तडतडतोय

मंडळी, माझ्या जुन्या जोडीतला डावा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर (ज्यात दोन जाळ्यांमधला विजेने भारलेला पातळ पडदा हलून आवाज काढतो) पावसाळा लागल्यापासून तडतडतोय, गाणं बंद असलं तरी. अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरी अदलाबदल केल्या, तरी आवाज डाव्यातच. म्हणजे दोष अ‍ॅम्पचा नाही. घर ठाण्यात, खाडीजवळ. टॉर्च मारली तर जाळीच्या भोकांत राखाडी धुळीचे पुंजके दिसतात. आतल्या पडद्यावर काही हजार व्होल्ट असतात, तेव्हा दमट धुळीतून ते गळत असणार असा माझा अंदाज.

प्लग काढून, रात्रभर थांबून बाहेरून हलका व्हॅक्यूम फिरवला तर चालेल ना, की पडदा ओढला जाईल? काही जण पॅनेल (जाळ्या आणि पडदा असलेला भाग) सोडवून चक्क शॉवरखाली धुतात म्हणे. माझी तरी छाती होत नाही! तडतड तरीही राहिली तर आधी काय तपासायचं, बायस सप्लाय (पडद्याला ते हजारो व्होल्ट पुरवणारं सर्किट) की पॅनेल? मुंबई-ठाण्यात हे उघडणारा भरवशाचा कारागीर असेल तर तोही सुचवा.