'सागरदर्शन' सोसायटी, अलिबाग : रविवारची सहल

मेहेंदळे (ए-302): सेक्रेटरीसाहेब, वेळापत्रक तुम्हीच केलंत ना? 9 वाजता रेवदंड्याचा किल्ला आणि भर 12 वाजता कोर्लईचा! वर झाड नाही एक. म्हातारी माणसं आहेत सोबत.

सेक्रेटरी पाटील: रेवदंडा वाटेत आधी येतं काकू, म्हणून. कोणाला नावं ठेवायची असतील तर नियोजनाला या. 🙏

सावंत (बी-104): 50 सीटर नको. 17 सीटर दोन घ्या.

नाईक सर: वाटेत आधी येणं हा निकष नाही. रविवारी अष्टमी. तिथीची पाऊणपट करा, 8 ची पाऊणपट 6. म्हणजे भरती सहाच्या सुमारास, ओहोटी बाराला. रेवदंड्याचा तट समुद्राच्या बाजूने बाहेरून बघायचा तर 11 ते 1. नऊला पाणी अजून ओसरत असतं.

तेजस (सी-2): सर, हे कॅल्क्युलेटर ॲप कुठे मिळतं? 😄

नाईक सर: कोळीवाड्यात.

सेक्रेटरी पाटील: 😑

मेहेंदळे (ए-302): म्हणजे मी म्हणते तेच. कोर्लई आधी.

नाईक सर: हो. साडेसहाला निघा, साळावचा पूल ओलांडून थेट कोर्लई. दीपगृहाजवळून पायऱ्या आहेत. किल्ला लांब आणि अरुंद, डोंगराच्या कण्यावर. उत्तर टोकाला समुद्रापर्यंत उतरलात की तेवढंच परत चढायचं, हे आधीच सांगून ठेवतो. गुडघेवाल्यांनी चर्च आणि पाण्याच्या टाक्यापाशी थांबावं. टाक्याचं पाणी पिऊ नका, माणशी 2 लिटर न्या.

सावंत (बी-104): 17 सीटर दोन. परत सांगतोय.

तेजस (सी-2): महाराजांनी बांधला ना हा?

नाईक सर: नाही. निजामशाहीकडून पोर्तुगीजांनी 1594 मध्ये घेतला. मराठ्यांकडे आला 1740 ला, चौल-रेवदंड्याबरोबरच.

फर्नांडिस (ए-101): गावातले लोक आपसात पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात, 'नौ लिंग' म्हणतात तिला. मुलांना सांगून ठेवा, कोणाला "जरा बोलून दाखवा" म्हणू नका. प्रदर्शन नाही ते.

मेहेंदळे (ए-302): 👍 बरं झालं कोणीतरी बोललं.

सेक्रेटरी पाटील: मागच्या वेळी काय झालं ते इथे नको उगाळायला.

मेहेंदळे (ए-302): मी नाव घेतलं का कोणाचं?

कदम वहिनी: जेवणाचं बोला. सुरमई की बांगडा?

सेक्रेटरी पाटील: मेसेज डिलीट केला

नाईक सर: जेवण दीडनंतर. त्याआधी रेवदंड्यात सातखणी मनोरा. नावाला सात मजले, उभे चारच. वाड्यांमधून जाताना विचारून जा, आत लोक राहतात. खाली पडलेला नारळही कोणाचा तरी असतो. तटाबाहेर दगडांवर शेवाळ आहे, स्लीपर घालून येऊ नका.

तेजस (सी-2): नारळाचं सरांनी माझ्याकडे बघून लिहिलंय.

सेक्रेटरी पाटील: बस कोर्लईच्या दीपगृहापर्यंत जाते का, हे सांगा एकदा.

नाईक सर: मोठी नाही. रस्ता गावातून, एका बाजूला घरं, एका बाजूला पाणी. समोरून टेम्पो आला की रिव्हर्स कोण घेणार? मोठी बस मुख्य रस्त्याला ठेवा आणि चाला.

सावंत (बी-104): म्हणूनच म्हणतोय, 17 सीटर दोन. 34 माणसं, हिशेब बरोबर बसतो.

कदम वहिनी: आणि डबे? मांडीवर घ्यायचे?

सेक्रेटरी पाटील: ठरलं. साडेसहा, गेटवर. आधी कोर्लई. सावंत, गाड्यांचं तुम्हीच बघा.

सावंत (बी-104): मी?