एमयूएनमध्ये महामारीवर चर्चा: सगळ्यांनी 'सहकार्य' म्हटलं की ठराव पास, हे बरोबर आहे का?

वर्धारोडकर
नागपुरात एमयूएन चांगलेच वाढून राहिले, म्हणजे पोरं एकेका देशाचे डेलिगेट बनून संयुक्त राष्ट्रांसारखी चर्चा करतात ते. भाच्याच्या कमिटीत विषय होता महामारी आणि देशांचं सहकार्य. ठराव वाचला, तर प्रत्येक कलमात 'सहकार्य वाढवावे', 'जनजागृती करावी', आणि कोणत्या देशानं काय सोडायचं यावर एक अक्षर नाही. असा ठराव चेअरनं, म्हणजे कमिटीच्या अध्यक्षानं, परत पाठवला पाहिजे. जिनिव्हात डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) महामारी करारावर तीन वर्षांहून जास्त भांडण चाललं ते मुख्यतः यावर, गरीब देश विचारत होते की विषाणूचे नमुने आम्ही द्यायचे आणि त्यातून बनलेली लस आम्हाला किती मिळणार. मे २०२५ मध्ये करार मंजूर झाला, त्यात सहभागी औषध कंपन्यांनी उत्पादनातला २० टक्के वाटा डब्ल्यूएचओसाठी ठेवायचं लक्ष्य आहे, उत्पादनाचा निदान १० टक्के फुकट. पण नमुने आणि लाभवाटपाचे तपशील नंतर ठरवायच्या परिशिष्टावर ढकलले, इतकं ते अवघड होतं. पोरांना हे भांडू द्या ना!

धंतोलीची ताई
दादा, पटलं नाही. नववी-दहावीची मुलं पहिल्यांदा माईकसमोर उभी राहतात, त्यात आमच्या मराठी मीडियमच्या मुलांना इंग्रजीत बोलायचं म्हणजे घशाला कोरड पडते, आणि तुम्ही टक्केवारी मागता. आधी बोलू तर द्या.

मेडिकलची सिस्टर
मला तर हा सगळा खर्चच पटत नाही. फी भरा, ब्लेझर शिवा, आणि दोन दिवस आफ्रिकेबद्दल बोला. एप्रिल २०२१ मध्ये विशाखापट्टणमहून ऑक्सिजनचे टँकर रेल्वेनं नागपूरला आले तेव्हा आम्ही वॉर्डात होतो, एकेका सिलिंडरसाठी नातेवाईक हात जोडत होते. त्याच काळात राज्याराज्यांत ऑक्सिजनवरून ओढाताण चालू होती. आधी ते शिकवा, जिनिव्हा नंतर.

इंडोनेशियाचा_डेलिगेट
सिस्टर, तुमचा मान राखून बोलतो, पण ही एकच गोष्ट आहे हो, कमी असलेली वस्तू कोणाला आधी द्यायची. मला इंडोनेशिया मिळाला होता. २००७ मध्ये त्यांनी बर्ड फ्लूचे नमुने द्यायचं थांबवलं, कारण त्यांच्याच नमुन्यावरून बाहेरची कंपनी लस बनवणार आणि ती त्यांना परवडणार नाही. जग चिडलं, पण त्यातूनच २०११ मध्ये इन्फ्लुएंझाच्या नमुन्यांचा आणि लाभवाटपाचा आराखडा झाला. मी हेच मांडलं तर चेअर म्हणाले तुम्ही एकमत बिघडवता. काऊन? इंडोनेशियानं तेच तर केलं होतं!

वर्धारोडकर
शाब्बास बे! आता पुढचं बोलतो, काही लोकांना झोंबेल. नेपाळचा डेलिगेट असेल तर त्यानं भारताला जाब विचारला पाहिजे. जानेवारी २०२१ पासून आपण शेजाऱ्यांना लस पाठवली, चांगलंच केलं, पण दुसऱ्या लाटेत निर्यात अडली आणि नेपाळमधले लाखो म्हातारे लोक कोविशिल्डच्या दुसऱ्या डोससाठी ताटकळले.

महालवाला
म्हणजे आपल्याच पोरांना आपल्याच देशाविरुद्ध बोलायला लावायचं? इथं बेड मिळत नव्हते तेव्हा बाहेर लस पाठवायची होती का? आणि कोविडच्या लसी-औषधांवरचे पेटंट सोडा म्हणून ऑक्टोबर २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेसोबत डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, कोण गेलं होतं? भारतच. ते नाही सांगत कोणी.

धंतोलीची ताई
महालवाले भाऊ, हेच उत्तर भारताच्या डेलिगेटनं द्यायचं, आणि नेपाळवाल्यानं पुन्हा विचारायचं की मग आम्ही कोणाकडं जायचं. हा वाद मला आवडेल. पण मराठीत होऊ द्या, मग आमची पोरंही उतरतील.

मेडिकलची सिस्टर
मराठीत घेत असाल तर मी येते. पण माझी अट आहे, ठरावात नर्स आणि आशांच्या सुरक्षेचं कलम पाहिजे, पीपीई किट कोण देणार आणि पैसे कुठून येणार हे लिहिलेलं. 'कौतुक करावे' वालं कलम मी चालू देणार नाही.