टेक-ऑफनंतर इंजिन बंद पडलं तर धावपट्टीकडे वळायचं का?

सोनेगावकर:
घरी बांधलेल्या हलक्या विमानांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतं, इंजिन बंद पडलं तर झटकन वळून धावपट्टी गाठायची. हा सल्ला जीवघेणा आहे. समजा 500 फुटांवर इंजिन बंद पडलं. 500 फूट म्हणजे जेमतेम 150 मीटर. नऊला एक ग्लाइड (म्हणजे एक मीटर खाली येताना नऊ मीटर पुढे तरंगणं) धरला तरी सरळ रेषेत सव्वा-दीड किलोमीटरच मिळतात. वळायला नुसते 180 अंश पुरत नाहीत, धावपट्टीच्या रेषेत यायला आणखी वळावं लागतं. 45 अंश कललात की स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याखाली पंख विमान पेलत नाहीत तो वेग, 19 टक्के वाढतो, 60 अंशांना 41 टक्के. जमीन अंगावर येताना दिसते, हात आपोआप स्टिक ओढतो आणि विमान स्पिनमध्ये जातं, म्हणजे गरगरत खाली कोसळतं. नाक खाली घ्या, समोर उतरा. ताशी 110 ऐवजी 80 ने टेकलात तर आघाताची ऊर्जा जवळपास निम्मी होते.

पंखवेडा:
सरसकट 'वळूच नका' हे पटत नाही, दादा. 3000 फुटांवर जाऊन थ्रॉटल (इंजिनाचा वेग ठरवणारा दांडा) बंद करा, गोंधळाचे चार सेकंद मुद्दाम जाऊ द्या, मग वळा. किती उंची गेली ते लिहा, त्यात निम्मी आणखी मिळवा. तो तुमच्या विमानाचा आकडा. त्याखाली समोर, त्यावर वळण. फक्त जानेवारीतला आकडा मे महिन्यात वापरू नका. 45 डिग्री तापमानात हवा विरळ असते, चढ मंदावतो, म्हणून तेवढी उंची येईपर्यंत धावपट्टी बरीच मागे पडलेली असते. आणि समोर काय आहे तेही बघा. नागपूरजवळ कोराडी-खापरखेड्याकडे हायटेन्शन लाइनी आहेत. वरून तार दिसत नाही, टॉवर दिसतो.

सोनेगावकर:
टॉवरचं अगदी बरोबर. पण सरावात इंजिन बंद होणार हे माहीत असतं. शिवाय आयडलवरचा (इंजिन मंद चालू असतानाचा) पंखा आणि बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा यांचा ड्रॅग, म्हणजे हवेचा अडथळा, सारखा नसतो.

फिटर काका:
पोरांनो, दोघंही इंजिन थांबल्यानंतरचं बोलताय. ते थांबतं का, ते आधी बघा. घरच्या बांधणीत इंजिनपेक्षा त्याला पेट्रोल पोचवणारी व्यवस्था जास्त दगा देते. पंपावर आता ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. हलक्या विमानांत बसवतात त्या रोटॅक्स 912 इंजिनाला 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं. त्यात नागपूरचा उन्हाळा, एक्झॉस्टला खेटून नेलेली नळी, की व्हेपर लॉक (नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं) झालाच म्हणून समजा.
गायक जॉन डेन्व्हर 1997 साली लाँग-ईझी या घरी बांधायच्या विमानाच्या अपघातात गेले. ते विमान दुसऱ्याने बांधलेलं. टाकी बदलायचा कॉक त्याने पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. तो फिरवायला वळताना ताबा सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष. पट्टा बांधून बसल्यावर कॉकला हात पोचत नसेल तर ते विमान उडवूच नका. तुमचं वळण-सरळ नंतर.

काटोल रोड:
'समोर उतरा' म्हणता, पण समोर आमचं शेत असते भाऊ. नोव्हेंबर-डिसेंबरात कापूस वेचाले बाया वाकून असतात, त्यांना वर पाहाची सवड नसते. तूर माणसाच्या डोक्याइतकी उभी राहते. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलबंडीचं चाक फसते, तुमचं पुढचं चाक काय टिकीन? वावर म्हणजे मोकळं मैदान नव्हे. विमानात बसणाऱ्यानं जोखीम मान्य केली, वेचणाऱ्या बाईनं केली काय?

पंखवेडा:
म्हणूनच तर मी वळणाचा आकडा काढा म्हणतो.

सोनेगावकर:
काटोल रोडवाले भाऊ, तुमचं म्हणणं मान्य. माणसं दिसली तर मी बांधावर आदळेन, पण त्यांच्यात जाणार नाही. याचा इलाज मात्र कमी उंचीवर वळण घेणं नव्हे. उडायच्या आधी त्या बाजूच्या वावरांतून मोटरसायकलने फिरायचं, कुठे काय पेरलंय ते बघायचं, आणि वेचणीच्या दिवसांत त्या दिशेने टेक-ऑफच करायचा नाही. नांगरलेल्या शेतात नांगराच्या तासांच्या (चरांच्या) दिशेनेच उतरायचं, आडवं गेलात तर विमान पालथं होतं. पंखवेडा, तुमचा आकडा काहीही येवो, 800 फुटांखालचं वळण मी तरी मानणार नाही.