नागपूरकरांनो, मागचे ब्रेक पॅड घरी बदलले असतील तर अनुभव सांगा

मनीषनगर

गेल्या रविवारी पोर्चमध्ये बसून गाडीचे मागचे ब्रेक पॅड बदलले. पुढचे याआधी दोनदा बदलले होते, तेव्हा मागचेही तसेच असतील असं धरून सकाळी सातला चाक काढलं. ऊन चढायच्या आत आटोपेल असा हिशेब होता. हात धुतले तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. अडलो एकाच ठिकाणी, पिस्टनपाशी. चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारी पकड म्हणजे कॅलिपर, आणि त्यातला पॅड ढकलणारा गोल दट्ट्या म्हणजे पिस्टन. तो मागे नेल्याशिवाय नवं, जाड पॅड मावत नाही.

पुढच्या कॅलिपरचा पिस्टन सी-क्लॅम्प (आटे फिरवून आवळायचा शिकंजा) लावून दाबला की आत जातो. मागचा जात नाही. ज्या गाड्यांत हँडब्रेकची केबल थेट मागच्या कॅलिपरला जोडलेली असते, त्यांच्या पिस्टनच्या पोटात आट्यांचा दांडा असतो. पॅड झिजेल तसा पिस्टन त्या आट्यांवरून किंचित पुढे येत राहतो, म्हणूनच हँडब्रेक वर्षानुवर्षं धरून ठेवतो. त्याला मागे न्यायचं तर दाब देत देत फिरवावं लागतं. पिस्टनच्या तोंडावरच्या खाचा त्यासाठीच असतात. मी नाकपक्कडीनं त्या खाचा धरून अर्धा आटा फिरवायचो, पक्कड सुटायची, पुन्हा धरायचो. दर दोन आट्यांनी रबरी टोपी पिस्टनसोबत पिळली जात होती, ती बोटानं सैल करावी लागे. एका चाकाला तीन तास गेले. दुसऱ्या चाकाच्या वेळी शेजारच्या काकाजींनी भाच्याकडून पिस्टन फिरवायचं टूल मागवून दिलं. वीस मिनिटांत झालं.

अजून एक गोष्ट. आतल्या पॅडच्या पाठीवर खुंटी असेल तर ती पिस्टनच्या खाचेत बसली पाहिजे. नाही बसली तर पॅड तिरपं राहतं आणि तिरपंच झिजतं.

तुम्ही हे काम केलं असेल तर लिहा. हँडब्रेक कोणत्या तऱ्हेचा, कुठे अडलं, काय बिघडलं. बिघडलेलं आधी लिहा, त्याचा उपयोग जास्त. आणि नवख्यांनी चाक काढायच्या आधी चाकाच्या जाळीतून डोकावून पाहा. स्विफ्ट, वॅगनआर, अल्टो अशा गाड्यांना मागे ड्रम असतो. त्यात पॅड नसतात, लाइनर असतात, ते काम निराळं.

त्रिमूर्तीनगर

मी तो पिस्टन दाबला होता. २०१९ची गोष्ट. जात नाही म्हणून क्लॅम्पच्या दांड्याला पाइप लावून जोर दिला. कट्ट आवाज झाला आणि पिस्टन आत गेला. जमलं म्हणून खूश झालो. पॅड बसले, ब्रेकही लागत होते. आठवड्यानं सेमिनरी हिल्सच्या उतारावर गाडी लावली, हँडब्रेक पूर्ण ओढला, आणि उतरताच गाडी हळूच मागे सरकायला लागली. धावत आत बसून ब्रेक दाबला. पाठीमागे एक आजोबा फिरायला निघाले होते. तो क्षण अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आतले आटे खलास झाले होते. अख्खा कॅलिपर नवा घ्यावा लागला, पॅडच्या कितीतरी पट खर्च आला. पिस्टन हातानं अडतोय असं वाटलं की थांबा. कॅलिपर तुम्हाला काहीतरी सांगून राहिला असतो.

महाल

मला जॅकबद्दल लिहायचं आहे, कारण पिस्टनपेक्षा त्यानं जीव जातो.

माझे बाबा एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांच्या देखरेखीखाली मी हे काम पहिल्यांदा केलं, तेही आमच्या वाड्यासमोरच्या गल्लीत. मागच्या ब्रेकचं काम करताना हँडब्रेक सोडून ठेवावा लागतो, नाहीतर कॅलिपर डिस्कवरून निघत नाही आणि पिस्टनही फिरत नाही. म्हणजे गाडीला एरवी जो आधार असतो तोच काढून घेतलेला असतो. बाबांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायला लावली, पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून विटांची उटी लावली.

मे महिना होता. जॅक लावला, चाक उचललं, नट काढायला वाकले तर बाबा म्हणाले, "जॅककडे पाह्य." जॅकचा पाय डांबरात रुतून एका बाजूनं कलला होता. नागपूरच्या उन्हात डांबर मऊ होतं हे मला माहीत होतं, पण जॅकखाली काय होतं ते कधी पाहिलं नव्हतं. गाडी खाली घेतली, जॅकखाली सागाच्या फळीचा तुकडा ठेवला, पुन्हा उचलली. मग गाडी पेलायला खाली स्टँड लावला.

चाक निघालं तशी मी लगेच पाना घेतला. "काहून घाई करून राहिली? चाक आधी गाडीखाली सरकव." काढलेलं चाक गाडीखाली आडवं ठेवायचं, म्हणजे जॅक आणि स्टँड दोन्ही दगा देवोत, गाडी चाकावर येईल, अंगावर नाही. बाबा आता नाहीत. चाक सरकवल्याशिवाय मी अजूनही पान्याला हात लावत नाही.

वाडी

एकच सांगतो. काम झाल्यावर गाडी सुरू करायच्या आधी ब्रेकचा पेडल दहा-पंधरा वेळा दाबा, टणक लागेपर्यंत. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिला पेडल थेट तळाला जातो. मी विसरलो आणि गाडी रिव्हर्समध्ये फाटकावर गेली. फाटकाच्या बाहेर माझी मुलगी सायकल खेळत होती. तिला काही झालं नाही.

हुडकेश्वर

चिखलदऱ्याहून परतताना मागून बारीक ची-ची आवाज यायला लागला. पॅड संपत आलं की त्याची लोखंडी पट्टी डिस्कला घासून असा आवाज करते, म्हणून परतल्यावर लगेच उघडलं. बाहेरच्या पॅडवर ६ मिलिमीटर माल शिल्लक होता. आतल्यावर काहीच नाही, नुसतं लोखंड. चाकाच्या जाळीतून दिसतं ते बाहेरचंच पॅड, म्हणून मी निर्धास्त होतो.

कारण सापडलं स्लाइड पिनांत. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो त्यातली खालची जाम झाली होती. बाहेर काढली तर तिच्यावर कुणीतरी मागे चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस भरलेलं. त्यानं रबर फुगलं होतं, वर रिंगरोडची धूळ बसून त्याचं काळं डिंकासारखं झालेलं. तिथे सिलिकॉनचं ग्रीस लागतं, तेही थोडंसं. पिना ब्रेक क्लीनरनं धुतल्या, कापडानं पुसल्या, नवे रबर घातले. बोटानं ढकलली की सरसर जायला हवी, तेव्हाच पुढे जा. सगळ्या कामात मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. पॅड कुणीही बदलतो, पिन काढून कुणी पाहत नाही.

धूळ फुंकू नका. कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका, ते छातीत जातं.

बेसा

बटणाचा हँडब्रेक असेल तर पिस्टन फिरवण्याबद्दलचं वरचं सगळं बाजूला ठेवा. तिथे कॅलिपरवर छोटी मोटर असते. स्कॅनर लावून किंवा गाडीच्या पुस्तकातल्या पद्धतीनं ती आधी सर्व्हिस मोडमध्ये मागे न्यावी लागते, मग पिस्टन जातो. तसं न करता जोर लावला तर मोटर आणि तिचे गिअर मोडतात. स्कॅनर मिळाला नाही म्हणून मी काम दोन आठवडे थांबवलं होतं.

बॉनेटखालच्या बाटलीतल्या ब्रेक ऑइलवरही लक्ष ठेवा. पिस्टन मागे जाताना ऑइल वर चढतं, सांडलं तर रंग खातं. भोवती ओलं फडकं गुंडाळून ठेवा.

मनीषनगर

सगळं वाचलं. पेडल मी दाबला होता. नंतर पहाटे मोकळ्या रस्त्यावर ५०वरून १०पर्यंत वेग आणत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक मारले, म्हणजे नवं पॅड डिस्कवर नीट बसतं. हँडब्रेक आता पाचव्या टकटकीला धरतो. पण स्लाइड पिना मी काढल्या नव्हत्या. जुनी पॅडं डब्यात होती, हुडकेश्वरचं वाचून ती मापली. डाव्या बाजूचं आतलं पॅड बाहेरच्यापेक्षा जवळजवळ २ मिलिमीटर पातळ आहे. शनिवारी डावं चाक पुन्हा काढतोय. जॅकखाली ठेवायला फळी काढून ठेवली आहे.